पाच टिकल्या आणि काळी चार

फॉर्मवर 'पूर्वानुभव' असा रकाना होता. मी लिहिलं, महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. खिडकीतल्या मुलाने ते वाचलं आणि विचारलं, "मग मावशी, कुठल्या वर्गात घालू तुम्हाला? पहिल्या की दुसऱ्या?" मला काही सांगता येईना. पन्नासएक अभंग आणि सगळ्या आरत्या डोळे मिटून वाजवत होते, पण त्यातल्या एकाचाही राग कोणी विचारला असता तर गप्प बसावं लागलं असतं. शेवटी त्यानेच पेनाने १ हा आकडा टाकला आणि शिक्का मारला.

खरं तर मी गेले होते पुतणीचं नाव घालायला. आमच्या धाकट्या दिरांची मुलगी, तेव्हा चौथीत होती. रत्नागिरीत विद्यापीठाच्या उपकेंद्रात शनिवार-रविवार संगीताचे वर्ग सुरू झालेत, मुलांनाही घेतात आणि मोठ्यांनाही, कॉलेजात शिकत असायला पाहिजे अशी अट नाही, असं पतपेढीतल्या सहकारी बाईंनी सांगितलं होतं. गाणं, पेटी आणि तबला असे तीन विषय. पुतणी म्हणाली, "काकी, तू बसणार असशील तर मी बसेन." मी हसण्यावारी नेलं, तर ती उंबऱ्यातून उठेना. मग दोघींचेही फॉर्म भरले. सासूबाईंनी रात्री भाकऱ्या थापताना एवढंच विचारलं, "ह्या वयात शाळा कसली गो?" आमचे हे काही बोलले नाहीत. शनिवारची रिक्षा माझ्या वेळेला मोकळी ठेवायला लागणार, हे मात्र त्यांच्या लगेच लक्षात आलं.

फी परवडण्यासारखी होती, एका घरातली दोन माणसं असली तर थोडी सूट. सोबत काय आणायचं, तर वही आणि पाण्याची बाटली. वाद्य आणायचं नाही, असं पावतीच्या मागे ठळक छापलं होतं. मला ते जरा लागलं. आपली पेटी म्हणजे आपला हात, असं मी धरून चालले होते.

पहिल्याच दिवशी कळलं की इथे बसायची जागा वयावर ठरत नाही. गाणं शिकवणाऱ्या ताई माझ्याहून निदान पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी एकेकाला उभं करून सहज निघेल असा 'आ' लावायला सांगितला, खाली किती जातो, वर किती जातो ते पाहिलं आणि दोन गट केले. पुरुषांचा गट काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाच काळ्या पट्ट्यांपैकी पहिलीला सा धरून. त्यात तिकीट खिडकीवर बसणारे एक रेल्वेवाले, मिरकरवाड्याचा एक मच्छीमार तरुण, एक निवृत्त मास्तर आणि आवाज नुकताच फुटलेला दहावीतला मुलगा. आम्ही बायका, त्यात एक डेंटिस्टबाई, आणि सगळी पोरं काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळीला सा धरून. म्हणजे माझ्या एका बाजूला पुतणी आणि दुसऱ्या बाजूला जाखडीत नाचणारा सहावीतला एक पोरगा, ज्याच्या खिशात कायम चिंचोके असायचे.

मोठ्यांना आणि मुलांना एकत्र शिकवायचं तर पहिली अडचण हीच येते. पुरुषाचा गळा आणि नऊ वर्षांच्या मुलीचा गळा एका पट्टीत बसत नाहीत. शाळेत प्रार्थनेला मास्तर आपल्या पट्टीत सुरू करतात आणि अर्धी पोरं नुसती ओठ हलवतात, ते यामुळेच. ताईंनी निवडलेल्या पट्ट्यांमागे हिशोब होता. काळी एकला सा मानला तर त्याचा पंचम येतो काळी चारवर. म्हणजे पुरुषांचा प हाच आमचा सा. उलटून पाहिलं तर आमचा मध्यम, म्हणजे म, हा त्यांचा वरचा सा. ते सा धरून बसले आणि आम्ही आमचा सा लावला तर दोन्ही मिळून सा-प होतो आणि खोली भरून जाते. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, आधी करायला लावलं. मच्छीमार तरुण पहिल्या वेळी एवढा दचकला की थांबलाच. "काय रे?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "बोटीचं इंजिन बरोबर लागलं की असाच आवाज येतो."

पहिले कितीतरी शनिवार फक्त अलंकार चालले. सा रे ग, रे ग म, ग म प. मग सासा रेरे गग. मग चढताना एक आणि उतरताना दुसरा. पेटीला हात लावायचा नाही. पेटी कोपऱ्यात, वर कापड टाकलेली. मी पेटीचं नाव घातलं होतं, तरी ताईंचं म्हणणं असं, की जे गळ्यातून निघत नाही ते बोटातून काढायचं नाही. मला मनातून राग यायचा. घरी आल्यावर मी पेटी काढून बसायचे आणि पाच मिनिटांत तेच अलंकार भराभर वाजवून टाकायचे. पुतणी बाजूला बसून म्हणायची, "असं नाही काकी, म्हणून दाखव." म्हटलं की तिसऱ्याच सुराला तिचा हात वर. "चढलीस."

मुलांचं हे एक पाहिलं. त्यांना कोणाची भीड नसते. वर्गात मी चढले तर मास्तर खाली बघायचे, डेंटिस्टबाई पाणी प्यायच्या आणि चिंचोकेवाला मोठ्याने सांगायचा. ताईंनी पुढे त्याचाच उपयोग करून घेतला. मोठ्या माणसाने गायचं, मुलाने तंबोऱ्यापाशी बसून चुकलं तिथे टिचकी वाजवायची. मोठ्यांचं मुलांना काय, तर आम्ही प्रश्न विचारतो. कोमल का म्हणायचं, थाट दहाच का, तालात 'खाली'च्या मात्रेला टाळी का नाही. पोरांना हे प्रश्न पडत नाहीत, पण उत्तरं ती कान देऊन ऐकतात, आणि वर्ग संपल्यावर आम्हालाच परत सांगतात.

तंबोरा मिरजेचा होता. आंबा घाटातून, कोल्हापूरवरून, मांडीवर धरून आणलेला, असं ताई म्हणाल्या. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी वर्गात पेढे वाटले. मला तोवर तंबोरा म्हणजे गाणाऱ्यामागे कोणीतरी नुसतं धरून बसायची वस्तू वाटत होती. भजनात तंबोरा नाही. पेटी, पखवाज, झांजा, चिपळ्या, संपलं.

एका रविवारी ताईंनी मला एकटीला तंबोऱ्याजवळ बसवलं. म्हणाल्या, शेवटच्या तारेकडे कान द्या, खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या. ती तार सुटली की सा ऐकू येतो आणि तो विरत जाताना त्यातूनच एक वेगळा सूर डोकं वर काढतो. मला काही ऐकू येईना. पुतणीला आलं, मास्तरांना आलं, मला नाही. "डोळे मिटू नका, तारेकडे बघा," ताई म्हणाल्या. आणि मग एकदम आलं. तार हलत होती आणि आतून गंधार, म्हणजे ग, निघत होता, कोणीही न लावलेला. "आता तोच म्हणा." मी म्हटला. तो तारेत मिसळून असा गेला की माझा आवाज येतो की नाही तेच मला कळेना. तेवढ्यात त्यांनी रेल्वेवाल्यांना खूण केली. त्यांनी कापड बाजूला करून पेटीची पांढरी एक दाबली, म्हणजे काळी चारचा गंधार. आणि तो सूर माझ्या सुराला घासला. बारीक लहर उठली, वाँव-वाँव अशी. पेटी चढी होती. माझा गंधार हलला नव्हता.

ताईंनी मग सांगितलं ते असं. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. म्हणजे कुठल्याही पट्टीला सा धरलं तरी वाजवता येतं, पण त्या सोयीपायी प्रत्येक सूर थोडा इकडेतिकडे सरकवावा लागतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्याला सेंट म्हणतात, आणि तंबोऱ्यातून निघणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट खाली असतो. आकाशवाणीने पेटीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती. पेटी आली परदेशातून आणि तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, निघत नाही, हे तर होतंच, पण सुरांची ही तक्रारही त्यामागे होती. एवढी वर्षं जिच्यावर विसंबले ती पेटीच चढी निघाली म्हटल्यावर त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पुढे विचार केला तेव्हा वाटलं, बंदी जरा जास्तच झाली. देवळात पंचवीस बायका झांजा घेऊन बसल्यावर १४ सेंट कोणाच्या बापाला ऐकू येतात?

वर्गात बसून गाणं शिकणं, फी भरून, अभ्यासक्रम ठरवून, कोणालाही प्रवेश देऊन, हे आज सरळ वाटतं. पण विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गाणं गुरूच्या घरी राहून, पाणी भरून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळायचं. पलुस्कर स्वतः मिरजेला गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तसेच शिकलेले. मूळचे कुरुंदवाडचे, म्हणजे घाट चढून गेलं की आमच्याच शेजारचे. हे मास्तरांनी सांगितलं, त्यांना अशी माहिती सांगायची हौस. मला त्यातलं एवढंच पटलं, की घरदार, पतपेढी आणि गोठा सांभाळून जिला शनिवारचे दोन तास मिळतात, तिला वर्गाशिवाय दुसरी सोय नाही.

पावसाळ्याबद्दल मात्र कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो आधी माणसाला भिजवतो की वाद्याला, ते सांगणं कठीण. जुलैत डग्ग्याची पुडी सर्द होऊन आवाज बसला. तबला सर हातोडीने गट्ठे ठोकून ठोकून तबला चढवायचे, दहा मिनिटांत परत उतरायचा. पेटीच्या दोन पट्ट्या फुगून अडकल्या, दाबल्या की खालीच राहायच्या आणि सूर भोंग्यासारखा चालू. मी पेटी उघडली. हे काम मला येतं. पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या आवाज देणाऱ्या पात्यांवर, हिरवट थर धरला होता, भात्याच्या घडीत बुरशी, आणि आत एक झुरळ संसार मांडून बसलेलं. मऊ ब्रशने सूर झाडले, पट्ट्यांच्या कडा काचकागदाने हलक्या घासल्या. ताई बघत राहिल्या. त्या दिवसापासून कपाटाची किल्ली माझ्याकडे आली.

कपाटात वाद्यांजवळ बल्ब लावून ठेवायचा ही आमच्याकडची जुनी रीत. उबेने दमटपणा जातो. पण आता सगळीकडे एलईडी, तो उजेड देतो, तापत नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब शोधायला मी अख्खी बाजारपेठ फिरले. शेवटी एका इलेक्ट्रिकवाल्याने माळ्यावरून धूळ झटकत काढून दिला, वर विचारलं, "कोंबडीची पिल्लं काढलीत काय?"

आता टिकल्यांची गोष्ट.

दसऱ्याच्या आसपास पेटीवरचं कापड एकदाचं निघालं. भूप शिकवून झाला होता. सा रे ग प ध, मध्यम-निषाद नाहीत. पुरुषांचा गट तो काळी एकमध्ये म्हणत होता. आमच्या गटाला दुर्गा सुरू केला होता. सा रे म प ध, यात गंधार-निषाद नाहीत. दोन्ही रागांत पाच-पाच सूर आणि सगळे शुद्ध. त्या दिवशी ताईंनी डेंटिस्टबाईंकडे टिकल्यांचं पाकीट मागितलं आणि पेटीच्या मधल्या सप्तकात पाच पट्ट्यांवर लाल टिकल्या चिकटवल्या. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. मला म्हणाल्या, "फक्त टिकल्यांवर वाजवा, काळी एकपासून." मी वाजवलं. भूप. पुरुष म्हणू लागले. "आता बोटं त्याच टिकल्यांवर, पण काळी चारपासून सुरू करा, काळी चार सा."

मी काळी चार दाबली. मग काळी पाच. मग वरची काळी एक, काळी दोन, पांढरी चार. पोरं दुर्गा म्हणायला लागली.

मी हात उचलला. परत वाजवलं. टिकल्या त्याच, हलवल्या नव्हत्या. काळी एकला घर मानलं की भूप, काळी चारला मानलं की दुर्गा. मग ताईंनी दोन्ही गटांना एकदम म्हणायला लावलं, पुरुषांनी भूप, आम्ही दुर्गा, आणि कुठेच भांडण झालं नाही, कारण दोघांच्या तोंडून बाहेर पडणारे आवाज तेच पाच होते. इतके दिवस दोन गटांना दोन राग का, हे कोडं तेव्हा सुटलं.

चिंचोकेवाल्याने हात वर केला. "ताई, बाकीच्या टिकल्यांवरून सुरू केलं तर?" ताई हसल्या. बहुतेक याचीच वाट बघत होत्या. पांढरी चारपासून सुरू करायला लावलं. टिकल्या त्याच, पण आता ऐकू येत होते सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. रेल्वेवाले एकदम म्हणाले, "हा तर मालकंस!" काळी पाचपासून सुरू केलं तर धानीचे सूर. काळी दोनपासून मधमाद सारंगाचे. याला मूर्च्छना म्हणतात, आणि ही फार जुनी युक्ती आहे. मी घरी येऊन आमच्या पेटीवरही टिकल्या लावल्या. सासूबाईंना वाटलं पूजा केली.

पण ताई तिथे थांबल्या नाहीत, आणि मला वाटतं शिकवणाऱ्याचा कस तिथेच लागतो. पोरं 'पाच टिकल्या म्हणजे पाच राग' असं वहीत लिहून मोकळी होणार, तेवढ्यात त्यांनी परत काळी एकला सा धरला आणि तेच भूपाचे सूर वेगळे म्हणून दाखवले. धैवतावर थांबत, वरच्या अंगाने, गंधार जाताजाता. ऐकताना भूप वाटेचना. "हा देसकार. सूर भूपाचेच, सा पण तोच. तो सकाळचा, भूप रात्रीचा. भूपात गंधार मुख्य, यात धैवत." म्हणजे टिकल्यांनी राग मिळत नाही, फक्त सूर मिळतात. कुठे थांबायचं, कुठून वळायचं, ते टिकलीवर लिहिलेलं नसतं. पुतणीने वहीतलं वाक्य खोडलं.

तालाचं मला सोपं जाईल असं वाटलं होतं. भजनी ठेका अंगातच असतो, आठ मात्रा, झोपेतही चुकणार नाही. पण हातावर तीनताल धरून तोंडाने सरगम म्हणायची वेळ आली तेव्हा सोळा मात्रांत माझी नवव्या मात्रेची खाली हटकून चुकायची, हात आपोआप टाळी द्यायचा. आणखी एक गोष्ट तबला सरांनी दाखवली. आम्ही भजनवाले लय वाढवत नेतो. सुरुवात संथ, शेवटी झांजा तुटेपर्यंत. त्यात मजा आहे, ती मी सोडणार नाही. पण वाढवणं वेगळं आणि नकळत पळणं वेगळं. सरांनी मोबाइलवर लेहरा, म्हणजे एकाच लयीत फिरत राहणारी धून, लावून मला एकाच लयीत अलंकार म्हणायला बसवलं, तर तिसऱ्या आवर्तनाला मी पुढे आणि लेहरा मागे.

आमच्याकडे वर्षभराचा वर्ग चालवायचा म्हणजे पंचांग आणि शेती दोन्ही बघावी लागतात. आषाढात लावणी, तेव्हा अर्धा वर्ग चिखलात. गणपतीत तर प्रश्नच नाही, मुंबईचे चाकरमानी आले की घराघरात आरत्या, भजनं, जागरणं, आणि पेटीवाल्याला जेवायला फुरसत नसते. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, चिंचोकेवाला पंधरा दिवस गायब. आणि एप्रिल-मे म्हणजे आंबा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला. पहिलं सत्र कोणी ठरवलं असेल त्याच्या घरी हापूसची कलमं नसणार. आंब्याच्या पेट्या भरायच्या त्याच दिवसांत प्रारंभिकची, म्हणजे पहिली परीक्षा कोण देणार? आम्ही नोव्हेंबर धरला. भातकापणी झालेली, दिवाळी झालेली, हवा कोरडी, तबलाही खूश.

परीक्षा द्यायचीच असं बंधन नव्हतं. मोठ्यांपैकी काहींनी दिली नाही, डेंटिस्टबाई म्हणाल्या, मी दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते, आता स्वतः उघडून परीक्षकापुढे बसणं होणार नाही. मी बसले, कारण पुतणी बसली. प्रारंभिकला लेखी पेपर नाही, सगळं तोंडी आणि प्रात्यक्षिक. बाहेर बाकावर आठ-नऊ वर्षांच्या पोरी वेण्या घालून, त्यांच्या आया पदराने त्यांचे घाम पुसतायत, आणि त्यांच्यात मी, मला वाटतं परीक्षकांना मी कोणाचीतरी आईच वाटले. आत गेल्यावर त्यांनी "मुलगी कुठाय?" असंच विचारलं. मी म्हटलं, मीच. ते नीट सावरून बसले आणि अहो-जाहो करत अलंकार विचारले, मग दुर्गाची सरगम, मग तीनताल हातावर. खाली बरोबर आली. मग त्यांनी पेटीवर एक-एक सूर दाबून ओळखायला सांगितलं. मी विचारलं, "सा कुठला धरायचा?" त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "हं. काळी चार धरा."

दोघी पास झालो. पुतणीला माझ्यापेक्षा जास्त गुण, ते तिने भाट्याच्या पुलावर रिक्षा थांबवून आजोबांना फोनवर सांगितलं.

या सगळ्याचा देवळात काय उपयोग झाला, ते सांगायचं राहिलं. आमच्या मंडळात गेली दोन वर्षं स्केल चेंजर पेटी घ्यायची म्हणून वर्गणी जमत होती. साध्या पेटीपेक्षा ती कितीतरी महाग. तिच्यात पट्ट्यांची रांगच सरकवता येते, त्यामुळे गाणारीची पट्टी बदलली तरी वाजवणारीला बोटं बदलावी लागत नाहीत. ती पेटी हवी होती माझ्यासाठीच. मी सगळं काळी चारमध्ये पाठ केलेलं. मुख्य म्हणणाऱ्या वहिनींना, त्यांना आम्ही बुवाच म्हणतो, कधी खाली घ्यावंसं वाटलं तर माझी बोटं बांधल्यासारखी व्हायची. त्यामुळे त्या बिचाऱ्या घसा बसलेला असला तरी काळी चारलाच ओढून म्हणायच्या.

परीक्षेनंतरच्या सप्ताहात नेमका त्यांचा घसा गेला. पहारा आमचा, रात्री नऊचा. म्हणाल्या, "आज नाय जमायचं, बसा तुम्हीच." मी विचारलं, "काळी तीन चालेल?" त्यांनी गुणगुणून बघितलं, म्हणाल्या चालेल, पण तुला? पहिला अभंग भूपाच्या सुरांतला होता. काळी चारला तो वाजवताना दोन पांढऱ्या लागतात. काळी तीनला सा धरला की रे काळी चार, ग काळी पाच, प वरची काळी एक, ध काळी दोन. पाचही काळ्याच. बोटं एकदा बघितली, नंतर बघावी लागली नाहीत. पुढच्या अभंगात कोमल निषाद होता, तिथे अडखळले, एक ओळ नुसता सा धरून ठेवला, मग सापडला. पखवाजवाल्या मुलीने वळून बघितलं एवढंच, बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

चहाच्या वेळी वर्गणीचा विषय निघाला. खजिनदार काकूंनी वही काढली, जमलेले पैसे मोजले. मी म्हटलं, स्केल चेंजरची घाई नको, आहे त्या पेटीचा भाता बदलून घेऊ आणि सूर लावून आणू, मिरजेला नाहीतर कोल्हापूरला. उरतील त्यात झांजांच्या नव्या जोड्या. बराच वाद झाला. एकीचं म्हणणं, स्केल चेंजर असली की मंडळाला वजन येतं, शेजारच्या वाडीच्या मंडळाकडे आहे. शेवटी निम्मे पैसे भात्याला, निम्मे बँकेत, असं ठरलं.

जूनमध्ये नवी बॅच लागते. आमच्या वाडीतून या वेळी चार बायका आणि त्यांची सहा पोरं येणार आहेत, त्यातल्या दोघींना तबला हवाय. सगळ्यांनी आधी मला एकच विचारलं, पेटी घ्यावी लागेल का. सांगितलं, आत्ता नको. मोबाइलवर तंबोरा उतरवून घ्या, बायकांनी आणि पोरांनी जी शार्प लावा, म्हणजे आपली काळी चार, आणि पहिला पाऊस पडायच्या आत जुना पिवळा बल्ब कुठे मिळतो का बघा, कपाटातला गेलाय.